विटेएवढी वाट

४ जानेवारी १९९८, रविवार

पोहोचलो एकदाचा. गाडी चक्क वेळेवर आली, हवा महाबळेश्वरसारखी आहे, आणि स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने न सांगता मीटर टाकला. असल्या गावात माझं भलं व्हायला हरकत नाही. पुणे स्टेशनवर बाबा चारचौघांत म्हणाले होते, महिन्याभरात परत येशील. त्यांचं ते वाक्य खोटं पाडायचं आहे, एवढ्यासाठीच ही रोजनिशी. त्यांनीच दिलेल्या शाईच्या पेनने लिहितोय. पेन्सिलीने लिहिणाऱ्या माणसांबद्दल मला आदर नाही. आपलं लिहिलेलं खोडावं लागेल असं ज्याला आधीपासूनच वाटतं, त्याने लिहूच नये.

खोली जयनगरात, नागोजीराव नावाच्या कापडदुकानदाराच्या गच्चीवर. घराणं मराठी. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या मागून इकडे आलं, आणि मराठीची तेव्हापासून डागडुजी झालेली दिसत नाही. दर वाक्यात 'स्वल्प' आणि 'सरी'. थोडं म्हणजे स्वल्प, ठीक म्हणजे सरी, एवढं मला जिना चढेपर्यंत कळलं. नागोजीरावांची बायको भाग्यलक्ष्मी. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्का म्हणालो. त्यांनी मला 'पाळंदेअण्णा' करून टाकलं. माझं यशोधन हे नाव त्यांच्या जिभेला झेपलं नसावं.

खोलीला खिडकी नाही. छतात काचेचा एक चौकोन बसवलाय, त्यातून उजेड येतो. भिंतीला टेकून एक मोठं उतरतं टेबल आहे, आर्किटेक्टांकडे असतं तसलं, ते मात्र फर्स्टक्लास. आणि मागच्या भिंतीत जमिनीलगत एक वीट नाही. पडलेली नाही, लावलेलीच नाही. कडा नीट गिलावा करून गुळगुळीत केल्यात. मी विचारलं तर अक्का म्हणाल्या, ती वाट आहे. कोणाची, उंदरांची का, असं ओठांवर आलं होतं. पहिला दिवस म्हणून बॅग उघडायला घेतली.

६ जानेवारी

ऑफिस म्हणजे एका दवाखान्याच्या वरचे दोन हॉल. आम्ही परदेशी कंपनीसाठी बंदुकीच्या खेळांचे नकाशे बांधतो. खेळाडू ज्या खोल्या, बोळ, तळघरांतून पळतो आणि राक्षस मारतो, ती जागा आम्ही रचायची. हे काम मला पुण्यातच येत होतं, मित्राच्या घरी रात्रंदिवस हेच केलं. पण इथले साहेब, प्रदीपकुमार, यांचा एक नियम आहे: नकाशा आधी कागदावर. भिंती किती, खेळाडू कुठून येणार, राक्षस कुठे उभा, दार कधी उघडणार, सगळं आलेखाच्या कागदावर काढून त्यांच्याकडून पास झाल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मशिन तीन आणि माणसं नऊ, हे खरं कारण. ते मात्र त्याला शिस्त म्हणतात.

मला २७ तारखेपर्यंत एक संपूर्ण नकाशा कागदावर द्यायचाय. पास झाला तर नोकरी पक्की, नाही तर पुण्याची गाडी. आणि तोही पेन्सिलीने काढायचा! शाईने चालणार नाही म्हणे, बदल करावे लागतात. शेजारी रम्या नावाची मुलगी बसते, ती दोन वर्षं हेच करतेय. तिने मला एक पेन्सिल दिली आणि हसली. मीही हसलो, पण माझं हसणं वेगळ्या कारणासाठी होतं.

११ जानेवारी, रविवार

पहिली सुट्टी. जेवून वर आलो तो अक्का पाठोपाठ. म्हणाल्या, दोन ते चार स्वल्प खालीच बसा अण्णा, वरच्या खोलीत त्या वेळेला थोरले झोपतात.

थोरले म्हणजे नागोजीरावांचे भाऊ, कृष्णाजी. वारले एकोणीसशे अडुसष्टमध्ये.

मग सगळी कथा ऐकावी लागली, कॉफीबरोबर. कृष्णाजी घरांचे आराखडे काढायचे, नोकरीच ती. हे घरही त्यांनीच काढलं. कानावर सदा पेन्सिल. लग्न केलं नाही. घर पुरं व्हायच्या आत तापाने गेले, ह्याच खोलीत, दुपारच्या झोपेत. ह्या घराण्याची रीत अशी की बिनलग्नाचा पुरुष गेला तर तो गेला त्या खोलीत एक वीट सोडायची. त्याला पुढे वाट दाखवणारं पोर नसतं, म्हणून त्याची वाट घरच्यांनी द्यायची. कृष्णाजी दोनला येतात, चारला उठून जातात. तीस वर्षं झाली, कोणाला काही त्रास नाही.

मी विचारलं, दाराने का जात नाहीत? चांगलं मोठं दार आहे. अक्का माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघत म्हणाल्या, "दार जित्यांचं, अण्णा. तेला दारानं जायचं तर जित्याचं अंग लागतं."

अक्कांना 'भाग्या' म्हणायची हिंमत फक्त त्यांचीच होती, हेही कळलं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी खाली बसून राहिलो, ते कॉफी चांगली होती म्हणून.

१४ जानेवारी, संक्रांत

अक्कांनी तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे असं एकत्र केलेलं वाटीभर दिलं. तिळगुळाचा लाडू वळायचाही कंटाळा ह्या लोकांना. चवीला बरं होतं. वाटी संपली.

नकाशाचं ठरलं. नाव 'कोंडी'. पहिल्याच खोलीत खेळाडू जागा होतो. आत तो आणि एक राक्षस, दार बंद. कल्पना लढवत बसण्यापेक्षा माझीच खोली टेपने मोजली आणि जशीच्या तशी कागदावर घेतली. एक चौकोन म्हणजे अर्धा फूट. टेबल, कॉट, दार, सगळं बरोबर. मी काढलेलं माप इंचभर चुकत नाही. खेळाडूसाठी त्रिकोण काढला टेबलाच्या खुर्चीवर, राक्षसासाठी गोल काढला कॉटवर. अक्कांच्या दिरांना तेवढाच रोजगार.

१९ जानेवारी

प्रदीपकुमारांनी कागद पाहिला. मापं आवडली. मग त्यांनी विचारलं, दार कधी उघडणार? मी तिथल्या तिथे समासात लिहून दिलं: 'दोघांपैकी एकच उरला की दार उघडेल.' खूश झाले. सगळ्या हॉलला वाचून दाखवलं.

रम्याने मात्र खोट काढली. विटेच्या जागेवर पेन्सिल ठेवून म्हणाली, ही फट कशाला? आमच्या कामात नकाशा चहूबाजूंनी बंद लागतो. कुठे एवढीशी फट राहिली तर कॉम्प्युटर तो बांधायलाच नकार देतो, आणि आतल्या राक्षसापासून निघून फटीपर्यंत जाणारी एक ठिपक्यांची रेघ काढून दाखवतो, की बघा, हा इथून निसटतोय. हे मला माहीत नव्हतं असं नाही. अचूकपणाच्या नादात वीट तशीच काढली होती. नऊ जणांसमोर एका मुलीने चूक दाखवली याचा राग आला, आणि अजून गेलेला नाही.

फट पेन्सिलीने बुजवली. पण आता कागद आणि खोली जुळत नाहीत. नकाशा खऱ्या जागेचा आहे असं मी साहेबांना छातीठोक सांगून बसलोय.

२२ जानेवारी

नागोजीराव आणि अक्का उद्या होसकोट्याला निघताहेत, मुलीच्या मुलाचं बारसं. मंगळवारी दुपारी परत. तीन दिवस सुट्टी जोडून आली आहे, शनिवार, रविवार, सोमवारी सव्वीस जानेवारी. नकाशा पुरा करायला याहून चांगला मुहूर्त नाही. अक्कांनी आजच दोनदा बजावलं, दोन ते चार वर नका बसू, आणि वाटेसमोर पेटी-बिटी सरकवू नका. मी हो हो म्हणालो. शेजारच्या बांधकामावर अर्धं पोतं सिमेंट उघडं पडलंय, ते मी सकाळीच पाहून ठेवलंय.

२४ जानेवारी, शनिवार

झालं काम. दुपारी तीनला. एक वीट, घमेलंभर माल, वर गिलावा. बाबांना वाटतं मला हाताने काही येत नाही. त्यांनी ही भिंत येऊन बघावी. इतकी सपाट की वीट कुठे होती हे मलाच चाचपून शोधावं लागलं. आता कागद आणि खोली एकसारखे. गार वारा बंद, मुंग्या बंद, थोरल्यांची ये-जा बंद. अक्का आल्या की रडतील. रडू देत. तीस वर्षं भोकाची पूजा करणाऱ्यांना एकदा कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

काम करताना खोलीत उकडत होतं एवढंच. कॉटवरची चादर चुरगळलेली होती. सकाळी मी ती घातली होती, पण असेल.

२५ जानेवारी, रविवार, सकाळ

गंमत आहे. कागदावर ठिपके आहेत. पेन्सिलीचे, बारीक, एकेका चौकोनात एकेक. कॉटवरच्या गोलापासून निघून मागच्या भिंतीपर्यंत, बरोबर जिथे वीट होती तिथपर्यंत. तिथे कागद घासून घासून जवळजवळ फाटलाय.

रम्याचा चावटपणा. शुक्रवारी कागद तिच्या टेबलावर होता. दोन वर्षं काम करूनही अक्कल कॉलेजातलीच. खोडून टाकले.

संध्याकाळ

दुपारी झोप लागली. मी दुपारी झोपत नाही, झोपणारी माणसं मला सहन होत नाहीत. टेबलावर डोकं ठेवलं ते दोनला, उठलो ते चारला. कानावर पेन्सिल होती. मी कानावर पेन्सिल ठेवत नाही.

ठिपके पुन्हा आलेत. आता विटेपासून पुढे निघालेत, भिंतीच्या कडेकडेने. एकही चौकोन सुटलेला नाही. कोणीतरी चाचपडत चाललंय असं दिसतं, भिंत कुठे उघडी आहे ते बघत. स्वल्प डोकं दुखतंय.

वर मी 'स्वल्प' लिहिलंय. शाईने. खोडणार नाही, पण नोंद करून ठेवतो की हा शब्द माझा नव्हे. ह्या घरातल्या लोकांचं ऐकून ऐकून झालं असणार.

जेवायला बाहेर जायचं होतं. दार जड झालं होतं, ओढायला दोन्ही हात लागले. खानावळीत बसलो तेव्हा एकदा मनात आलं की वर न जाता थेट स्टेशन गाठावं. मग बाबांचं तोंड आठवलं. एकवीस दिवसांत परत, म्हणजे त्यांनी दिलेल्या मुदतीच्याही आत. आलो परत. मंगळवारी कागद द्यायचाय, एक खोली पुरी व्हायची आहे. असल्या भाकडकथांना भिऊन पाळंदे घरी येत नसतात.

२६ जानेवारी, सोमवार, सकाळी नऊ

ठिपके चारही भिंती फिरून दारापाशी आलेत. दाराच्या अलीकडे एक चौकोन सोडून थांबलेत. बाहेर पडलेले नाहीत.

दार जित्यांचं, असं त्या म्हणाल्या होत्या.

मी हसलो. मोठ्याने हसलो, पण माझाच आवाज ऐकून बरं वाटलं नाही.

साडेअकरा

दार उघडत नाही. कडी आतून आहे आणि ती मी काढलीय. बाहेरून कोणी लावलेली नाही, घरात कोणी नाही. नुसतं उघडत नाही. लाथा मारल्या. चौकात लाउडस्पीकरवर गाणी चालू आहेत, माझं ओरडणं मलाच धड ऐकू येत नाही. बाजूच्या बांधकामावर आज सुट्टी, तिथेही कोणी नाही.

भिंत फोडायला बसलो. माझ्याकडे टेपची पट्टी आणि चमचा. गिलावा दगड झालाय. इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. नखं गेली.

मला भीती वाटते. लिहून टाकलं, आता बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

दीड

कागदावर पुन्हा बघितलं. बघायचं नव्हतं.

ठिपके दारापासून वळलेत. सरळ आत. टेबलाकडे. त्रिकोणाच्या अलीकडे तीन चौकोन आहेत, म्हणजे दीड फूट. त्रिकोण म्हणजे ही खुर्ची. मी खुर्चीत बसून लिहितोय — उठलो. भिंतीला टेकून उभा आहे.

त्रिकोण खोडला. खोडरबराने, थुंकीने. जात नाही. दाराचं वाक्यही खोडून बघितलं — ते तर मीच शाईने — मीच शाईने लिहिलं होतं, साहेबांसमोर, रुबाब म्हणून.

दोघांपैकी एकच —

दोन वाजायला पाच

कॉटवर कोणी नाही. चादर मात्र खाली दबलेली आहे, माणूस निजावा तशी. उशा मी उचलून फेकल्या. पुन्हा दबते.

कृष्णाजीराव, माझी चूक झाली. मी वीट काढून देतो. अक्का आल्या की पहिल्यांदा तेच. मला पुण्याला जाऊ द्या. नोकरी नको, काही नको, बाबांना काय म्हणायचं ते म्हणू देत. तुमची वाट मी —

झोप येते. इतकी झोप. झोपायचं नाही — उभ्यानेच —

२७ जानेवारी, मंगळवार

किती वाजले. काचेतून ऊन आहे. घसा कोरडा. मी खुर्चीत आहे. खुर्चीत कसा —

कागदावर त्रिकोण आणि शेवटचा ठिपका एकाच चौकोनात आहेत.

हाताची बोटं माझी आहेत. नखं तुटलेली, म्हणजे माझीच. पेन कुठे आहे? बाबांचं पेन खाली पडलंय, कॉटखाली. मग मी हे कशाने —

हे पेन्सिलीने लिहिलंय. मी पेन्सिलीने कधी —

माझं नाव यशोधन पाळंदे. पुणे. माझं नाव यशोधन पाळं

जिन्यावर पायांचा आवाज. भाग्या वर येते. पोराचं बारसं नीट झालं वाटतं, हातात साखरेचा डबा असणार. दार उघडलं, आपसूक. एकच उरला की उघडेल, असं कोणी लिहून ठेवलंय इथे समासात. सरी. लिहिणाऱ्याचं माप चांगलं होतं, इंचभर चुकलेलं नाही.

तीस वर्षं विटेएवढ्या वाटेनं वाकून गेलो. पाठ स्वल्प दुखते. पण आज अंग आहे. आज उभ्यानं जाणार, दारानं. भाग्या दारात उभी राहिली, माझ्या कानावरच्या पेन्सिलीकडे बघते, तिच्या हातातून डबा प